बिस्मथचा थर आणि पाण्यातलं शिसं

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एवढं कमी शिसं इलेक्ट्रोडने थेट मोजू गेलं, तर मिळणारा प्रवाह इतर खळबळीत हरवून जातो. म्हणून ते आधी इलेक्ट्रोडवर साठवायचं आणि मग एका दमात उतरवून त्या वेळचा प्रवाह मोजायचा. पूर्वी या कामाला पारा लागे. २००० साली बिस्मथ या धातूच्या पातळ थराचा पर्याय पुढे आला. तो पाऱ्याइतका विषारी नाही, शिवाय शिसं आणि कॅडमियम त्यात सहज मुरतात.

आधी ग्लासी कार्बनचा (काचेसारख्या कठीण कार्बनचा) ३ मिलिमीटर व्यासाचा इलेक्ट्रोड ०.०५ मायक्रॉनच्या अॅल्युमिना भुकटीने ओल्या कापडावर आरशासारखा घासून घ्यावा. इथे आळस केला की पुढे प्रत्येक मोजणीत शिखराची, म्हणजे धातू उतरताना प्रवाहाच्या आलेखावर येणाऱ्या उंचवट्याची, उंची वेगळी येते. मग ५ मिलिलिटर नमुना, तेवढंच ०.२ मोलर अॅसिटेट बफर (पीएच ४.५ वर स्थिर ठेवणारं द्रावण) आणि बिस्मथ इतकं, की मिश्रणात ते लिटरला ४०० मायक्रोग्रॅम भरेल. ढवळत राहून −१.२ व्होल्ट १२० सेकंद द्यायचे. बिस्मथ आणि शिसं एकत्रच बसतात. ढवळणं थांबवून १० सेकंद थांबायचं आणि विभव (व्होल्टेज) धनाकडे सरकवत न्यायचा. सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोडच्या (ज्याच्यापासून व्होल्ट मोजतात त्याच्या) तुलनेत कॅडमियम −०.८ व्होल्टच्या आसपास उतरतं, शिसं −०.५५ च्या आसपास. शेवटी +०.३ व्होल्टवर ३० सेकंद ठेवलं की उरलेला थर निघून जातो.

शिखराच्या उंचीवरून आकडा काढताना तयार आलेखावर विसंबू नये. प्रत्येक पाण्याचा स्वभाव वेगळा असतो. त्याच भांड्यात लिटरला १० मिलिग्रॅम शिशाचं द्रावण १० मायक्रोलिटर टाकलं की १० मायक्रोग्रॅम प्रति लिटरची भर पडते. शिखर २ वरून ६ मायक्रोअँपिअर झालं, तर ४ ची वाढ १० मुळे, म्हणजे मुळातले २ हे ५ मायक्रोग्रॅममुळे. नमुना निम्म्याने पातळ केला होता, तेव्हा पाण्यात १०. नेमकं मर्यादेवर! एका भरीवर न थांबता निदान तीन वेळा भर घालावी. रेषा वाकली तर थर भरून गेलाय, साठवणीचा वेळ कमी करावा.

सगळ्यात जास्त डोकेदुखी तांब्याची. तेही बिस्मथबरोबर बसतं, जागेसाठी भांडतं आणि शिशाचं शिखर खुजं करतं. फेरोसायनाइड थोडं घातलं तर ते तांब्याला बांधून ठेवतं. साबण किंवा सेंद्रिय गाळ इलेक्ट्रोडवर चिकटत असेल, तर नाफिऑन या पॉलिमरचा पातळ लेप उपयोगी पडतो, पण लेप जाड झाला की शिसंही आत यायला वेळ लावतं. नमुना टिकवायला त्यात नायट्रिक आम्ल घातलेलं असेल, तर बफर मिसळल्यावर पीएच तपासायलाच हवा. बरेचदा तो २ च्या जवळच राहिलेला असतो, आणि मग साठवताना हायड्रोजनचे बुडबुडे थर फोडतात.

आणि ही पद्धत फक्त मोकळं किंवा सैल बांधलेलं शिसं पाहते. कुजक्या पालापाचोळ्यातल्या ह्युमिक आम्लांनी घट्ट धरलेलं शिसं तिला दिसत नाही. एकूण शिसं हवं असेल, तर आम्लयुक्त नमुन्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घालून तो अतिनील दिव्याखाली ठेवावा आणि मगच मोजावा. सोबत त्याच रसायनांचा, नमुना नसलेला कोरा प्रयोगही करावा, कारण नीट न धुतलेल्या काचेतूनही शिसं येतं.