ग्राफिस

ग्राफिडेसी कुलातील, मुख्यत्वे झाडांच्या सालीवर वाढणाऱ्या कवचरूप शैवाकांची (कवक व शैवल यांच्या सहजीवनातून बनलेल्या जीवांची) प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट. ‘लिहिणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून हे नाव आले. करड्या-पांढऱ्या पातळ थरावर काळ्या, वेड्यावाकड्या, फाटे फुटलेल्या रेघा दिसतात; जुनी दप्तरे चाळलेल्याला मोडीचे फराटे आठवावेत. मसाल्यातले दगडफूलही शैवाकच, पण ते पर्णरूप व पार्मेलिएसी कुलातले. ते सोलून निघते. ग्राफिस सालीला इतकी एकजीव असते की नमुन्यासाठी सालीचाच तुकडा कापावा लागतो.

रेघा म्हणजे कवकाची लांबट धानीफले, म्हणजे बीजुके (प्रजननाचे सूक्ष्म कण) तयार करणारी फळे. आडव्या छेदात त्यांच्या ओठांसारख्या कडा बहुधा कोळशासारख्या काळ्या दिसतात. बीजुके रंगहीन, त्यांतील कप्पे भिंगाच्या आकाराचे. आयोडिनाने ती निळसर-जांभळी होतात. सहचर शैवल ट्रेंटेपोलिया हे हिरव्या शैवलांपैकी असूनही नारिंगी असते, म्हणून थर नखाने खरवडला की आत पिवळट-नारिंगी झाक येते. काही जातींत नॉरस्टिक्टिक अम्ल असते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडाचा थेंब टाकल्यास पिवळा व मग लाल रंग येतो.

प्रजातीचे नाव सामान्यतः वनस्पतिशास्त्रज्ञ आदांसाँ (१७६३) यांच्याकडे जाते. आजच्या अर्थाशी जवळची मांडणी मात्र शैवाकतज्ज्ञ आखारिउस यांच्यापासून धरणे बरे. खरा वाद प्रजातीच्या सीमेचा, म्हणजे तिच्यात कोणत्या जाती धराव्यात याचा आहे. शैवाकतज्ज्ञ म्यूलर (आर्गोविएन्सिस) यांनी १८८० च्या सुमारास केवळ बीजुकांवरून चार प्रजाती पाडल्या : रंगहीन व आडवे पडदे असलेली ग्राफिस, रंगहीन व जाळीदार ग्राफिना, तपकिरी बीजुकांच्या फिओग्राफिस व फिओग्राफिना. ही विभागणी सोयीची, म्हणून शतकभर टिकली. पण हुबेहूब सारखी धानीफले असलेल्या जाती तिने वेगळ्या टाकल्या. शैवाकतज्ज्ञ श्टायगर यांनी २००२ मध्ये धानीफलाची रचना प्रमाण मानली आणि ग्राफिनातील बऱ्याच जाती ग्राफिसमध्ये आल्या. २००९ च्या, जाती ओळखण्यासाठीच्या जागतिक तालिकेत तीनशेहून अधिक जाती होत्या. २०१८ मध्ये त्यांपैकी दीडशेहून अधिक अलोग्राफा या वेगळ्या प्रजातीत गेल्या. कुलाचा गण (कुलाच्या वरची पायरी) काही जण ऑस्ट्रोपेलीझ, तर काही ग्राफिडेलीझ मानतात. दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते.

महाराष्ट्रात या कुलाचे काम प्रामुख्याने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत झाले आणि त्याचा भर सह्याद्रीवर राहिला. मराठवाडा कोरडा, दमट हवेला सरावलेल्या या शैवाकांसाठी म्हैसमाळ, गौताळ्याचे ओढेकाठ, किनवटचे जंगल अशा जागाच पाहाव्यात. खोड सावलीतले व गुळगुळीत सालीचे हवे. बाभळीच्या भेगाळ सालीवर वेळ दवडू नये. पावसात थर हिरवट होतो. शैवाक खोडातून अन्न घेत नाही, तेव्हा रोग समजून आंबा खरवडण्याचे कारण नाही.

जुन्या याद्यांतील ‘ग्राफिस स्क्रिप्टा’ ही नोंद जपून घ्यावी : ही मूळची समशीतोष्ण प्रदेशातील जाती, आणि पूर्वी कोणत्याही काळ्या रेघांना हेच नाव सर्रास दिले जाई.