रेशीमकीटकाचे संकरित अंडीपुंज

तुतीवर वाढणाऱ्या रेशीमकीटकाच्या (बॉम्बिक्स मोरी) दोन वेगळ्या वाणांतील मादी आणि नर पतंगांचे मीलन घडवून तयार केलेले रोगमुक्त बीज. एका मादीने घातलेली अंडी म्हणजे एक पुंज. त्यात साधारण 400 ते 500 अंडी असतात. संकरित अळ्या काटक असतात, एकसारख्या वाढतात आणि वजनदार कोष करतात. त्याच कोषांतून पतंग काढून पुन्हा बीज धरले, तर पुढच्या पिढीत गुणांची फाटाफूट होते. कोष लहानमोठे येतात आणि धाग्याची जाडी सांभाळणे कठीण जाते. म्हणून मूळ वाण शुद्ध राखून संकर दर वेळी नव्याने करावा लागतो.

या पद्धतीचा पाया जपानचे कामेतारो तोयामा (1867–1918) यांनी घातला. सयाममध्ये (आजचा थायलंड) काम करताना त्यांनी जपानी व सयामी वाणांचे संकर केले. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम कीटकांनाही लागू पडतात, हे त्यांनी 1906 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवले. पिवळ्या आणि पांढऱ्या कोषांच्या संकरात पहिली पिढी पिवळी आली, तर दुसरीत पिवळे व पांढरे कोष 3:1 प्रमाणात मिळाले. पहिली पिढीच शेतकऱ्याला द्यावी, ही सूचनाही त्यांचीच. त्यांचे आणखी एक निरीक्षण बीजकेंद्रात रोज उपयोगी पडते: अंड्याचे काही गुण आईच्या जनुकांवर ठरतात, त्यामुळे त्यांची फाटाफूट एक पिढी उशिरा दिसते.

अंड्याची सुप्तावस्थाही, म्हणजे भ्रूणाची वाढ थांबून अंडे बराच काळ न फुटण्याची स्थिती, आईकडूनच ठरते. ‘प्युअर म्हैसूर’ या बहुवार (वर्षात अनेक पिढ्या होणाऱ्या) वाणाची मादी आणि ‘सीएसआर2’ या दुबार (वर्षात दोन पिढ्या होणाऱ्या) वाणाचा नर घेतला, तर अंडी सुमारे 10 दिवसांत फुटतात. जोडी उलटी लावली तर अंडी सुप्त होतात आणि ती फुटावीत म्हणून त्यांना आम्लप्रक्रिया (आम्लात बुडवणे) द्यावी लागते. महाराष्ट्रात ज्यावर भर आहे त्या दुबार संकरांत आई दुबारच असते, त्यामुळे तिथे ही प्रक्रिया टळत नाही. ‘एफसी1 × एफसी2’ या दुहेरी संकरात तर आईबापही संकरितच असतात; अशी मादी अंडी जास्त घालते.

सर्वांत जिकिरीचे काम नर-मादी निवडण्याचे. कोष कापून आतला प्यूपा (अळी आणि पतंग यांमधली अवस्था) बाहेर काढतात आणि पोटाकडची बाजू पाहतात. मादीच्या आठव्या खंडावर फुलीसारखी बारीक रेघ असते, नराच्या नवव्या खंडावर ठिपका. मादी वजनानेही जड असते. या निवडीत मादीच्या ट्रेमध्ये तिच्याच वाणाचा एखादा नर राहिला, तर पहाटे पतंग बाहेर पडताच तिथेच मीलन होते आणि संकराऐवजी शुद्ध वाणाचे पुंज शेतकऱ्याकडे जातात. म्हणून पतंग निघण्याच्या दिवशी मादीचे ट्रे उजाडताच पुन्हा चाळून नर काढणे आवश्यक ठरते.

मीलन सुमारे 25 अंश सेल्सियसला, मंद उजेडात 3 ते 4 तास चालू देतात. वेळ कमी पडला तर निष्फळ अंडी वाढतात. जोडी सोडवल्यावर मादीला हलकेच हलवून मूत्र टाकायला लावतात, नाहीतर कागद डागाळतो. मग तिला अंधारात अंडी घालू देतात. नर थंडाव्यात ठेवून पुन्हा वापरता येतो.

अंडी घातल्यानंतर सुमारे 20 तासांनी ती 46.1 अंश तापमानाच्या, 1.075 विशिष्ट गुरुत्वाच्या हायड्रोक्लोरिक आम्लात सुमारे 5 मिनिटे बुडवतात. फार लवकर बुडवली तर भ्रूण मरतात, उशीर झाला तर सुप्तावस्था पुरती मोडत नाही आणि अंडी अर्धवट फुटतात. नंतर आम्लाचा अंशही उरणार नाही अशी ती वाहत्या पाण्यात धुतात.

अंडी घालून झालेल्या मादीची तपासणी सोडून चालत नाही. पेब्रिन हा रोग आईकडून अंड्यात उतरतो. मादी तपासून रोगट पुंज बाजूला काढण्याची रीत लुई पाश्चर यांनी फ्रान्समध्ये घालून दिली. मादी सौम्य अल्कलीच्या द्रावात कुटून तो द्राव सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. चकाकणारे लंबगोल बीजाणू दिसले तर ते पुंज जाळतात.

उबवताना अंड्यावर काळा ठिपका दिसू लागला की पुंज काळ्या कागदात झाकतात. ठरलेल्या सकाळी उजेड दिला की अळ्या एकाच वेळी बाहेर येतात आणि चॉकीत (लहान अळ्यांच्या संगोपनात) सगळ्यांना एकाच वयाचे कोवळे पान देता येते.