तात्यांची पेटी

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, तात्या, घरात ‘विमान इंजिनिअर’ म्हणून ओळखले जायचे. बंगळूरला विमानं बनवायचे, एवढंच आम्हा पोरांना ठाऊक. परवा माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली, तर तिच्यातल्या कागदांत विमान औषधालाही नव्हतं.

सगळ्यात जुना कागद कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची नक्कल. मोडी लिपीत आहे. बापाचं नाव आणि पुढे ‘मुलगा’, एवढंच; बारशाआधी नोंद झाली की नाव कुठून असणार? शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून. त्या पिढीतलं निम्मं गाव 1 जूनलाच जन्मलंय, मास्तरांच्या कृपेनं. मी कोतवाल बुक खरं धरतो. पत्ता मात्र तीन तऱ्हांचा. गाव जागचं हललं नाही, पण ते आधी औंध संस्थानात होतं, 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यात गेलं आणि 1960 मध्ये त्याच जिल्ह्याचं नाव सांगली झालं.

यातलं ‘औंध संस्थान’ महत्त्वाचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावहून कारखाना हलवावा लागला, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. निवडुंग आणि सापांचा माळ. 1910 मध्ये तिथं किर्लोस्करवाडी वसली, लोखंडी नांगर घडू लागले आणि आसपासच्या कुणब्यांच्या पोरांच्या हाती कासऱ्याऐवजी पाना आला. तात्यांनी उमेदवारी तिथंच केली. लेथ आणि फिटिंग.

डिसेंबर 1940 मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाला बरोबर घेऊन बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली. पुण्याहून मिरज, हुबळीमार्गे बंगळूरला जाणारी मीटर गेज आमच्या शिवारातूनच धावायची. वळकटी घेऊन गाडीत बसायचं, बस्स.

मनीऑर्डरीच्या पावत्या 1942 पासूनच्या आहेत आणि इथंच घरातली गोष्ट जरा डळमळते. त्याच वर्षी सरकारनं कारखान्याचा ताबा घेतला. 1943 मध्ये तो अमेरिकी सैन्याच्या हाती गेला आणि विमानं बांधणं मागे पडून लढाईवरून आलेल्या विमानांची, इंजिनांची दुरुस्ती सुरू झाली. म्हणजे तात्या विमानं बनवत नव्हते, इंजिनं खोलून पुन्हा जोडत होते. मला यात कमीपणा वाटत नाही. युद्ध संपल्यावर तर त्याच शेडमध्ये रेल्वेचे डबे आणि बसच्या बॉड्याही झाल्या. स्वतःच्या आराखड्यावर घडवलेलं म्हणावं असं विमान 1951 चं, एचटी-2 हे प्रशिक्षण विमान. त्याचा आराखडा डॉ. वि. मा. घाटगे यांचा, तेही आपल्या कोल्हापूरकडचे. तात्यांनी त्याला हात लावला असेलच. कागद मात्र गप्प आहेत.

जमिनीच्या नोंदीतला फेरफार मात्र बोलका आहे. पावत्यांच्याच वर्षांत जमिनीवरचा सावकाराचा बोजा उतरलाय. पुढे एका पाकिटावर तात्यांच्या नावाखाली ‘इन्स्पेक्टर’ असं येतं. इंजिन तपासून ‘उडायला योग्य’ म्हणून सही करणारा माणूस.

पेटीत त्यांची सही एकच सापडली, धाकट्या भावाच्या नावे केलेल्या हक्कसोडपत्रावर. बाकीच्या सह्या इंजिनांच्या लॉगबुकात होत्या, आणि लॉगबुकं इंजिनांबरोबर गेली.