आतड्याच्या धुऱ्यावरची जागल

पावसाळ्यात विदर्भातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात हगवणीचा पेशंट आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पाण्यासारखं होते, का आव-रक्त पडते?" प्रश्न साधा वाटतो. पण जंतू आतड्याच्या पेशींच्या बाहेरच राहिला की आत घुसला, याचा अंदाज डॉक्टरांना त्याच्या उत्तरावरूनच येतो.

कॉलऱ्याचा जंतू आत घुसत नाही. आतड्याच्या अस्तराला चिकटून तो विष सोडतो आणि त्या विषामुळे पेशी मीठ-पाणी बाहेर ओतत राहतात. हे विष कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी-कोयलारीला उघड्या विहिरीच्या पाण्यातून पसरला तो हाच आजार. यात माणूस दगावतो तो शरीरातलं पाणी संपून. आतड्याला सूज फारशी येतच नाही.

रक्ती आवेचा जंतू, शिगेला, वेगळ्या जातीचा. कियोशी शिगा यांनी तो १८९७ मध्ये जपानमध्ये शोधला. दहा ते शंभर जंतू पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो, आणि हा थेट पेशीच्या आत शिरतो. इथून पुढे जे घडतं, त्यात जंतूइतकाच हात आपल्या पेशींचाही असतो.

आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. त्याच्या एका बाजूला अब्जावधी जंतू, दुसऱ्या बाजूला रक्त. प्रत्येक जंतू दिसला की सूज आणायची म्हटली, तर आतडं बारा महिने पेटलेलं राहील. म्हणून पेशी रात्री शेत राखणाऱ्या जागल्यासारखी वागते. धुऱ्यापलीकडं, म्हणजे शेताच्या बांधापलीकडं, रोह्यांचा (नीलगायींचा) कळप चरत असला तर जागल्या मचाणावरून उठत नाही. धुरा ओलांडला की टिनाचा डबा वाजू लागतो. जंतूच्या शेपटीचं प्रथिन ओळखणारा टीएलआर-५ हा संवेदक बहुतांशी पेशीच्या तळाच्या बाजूला असतो. तिथं शेपूट सापडली याचा अर्थच अस्तर ओलांडलं गेलं. जंतूच्या भिंतीचे तुकडे ओळखणारे नॉड संवेदक तर पेशीच्या पोटात असतात.

शिगेलाला शेपूट नाही. पण पेशीत शिरण्यासाठी तो एक सूक्ष्म सुई खुपसतो, आणि त्या सुईचंच प्रथिन ओळखणारे संवेदकही पेशीकडं आहेत. ते जागे झाले की सापडलेली पेशी मरते आणि अस्तरातून बाहेर फेकली जाते. शेजारच्या पेशी सरकून ती जागा बुजवतात. एका पेशीचा असा बळी देऊन जंतूचा मुक्कामच उखडण्याची ही युक्ती मला फार आवडते. शिगेलाही काही कमी नाही. माणसाच्या पेशीतला असाच एक गजर बंद पाडणारं प्रथिन त्याच्याकडं आहे.

त्याच वेळी पेशी आयएल-८ सारखे रासायनिक सांगावे धाडतात आणि रक्तातून पांढऱ्या पेशी धावत येतात. शेम, पू, रक्त आणि मुरडा हा या लढाईचा परिणाम. अशा वेळी दुकानातून जुलाब बांधणारी लोपेरामाइडची गोळी आणून देऊ नये, कारण आतड्याची हालचाल मंदावली की जंतू आतच रेंगाळतात. रक्त पडत असेल तर दवाखानाच गाठावा.

साल्मोनेला हा आणखी एक घुसखोर, आणि तो तर या सुजेवरच जगतो. पांढऱ्या पेशी जंतू मारायला जी तिखट रसायनं सोडतात, त्यांच्यामुळे आतड्यातल्या गंधकाच्या एका संयुगाचं टेट्राथायोनेट होतं. साल्मोनेला ते श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी वापरतो आणि आतड्यातल्या इतर बऱ्याच जंतूंना मागं टाकतो.

लढाई संपली की अस्तर नव्यानं भरून येतं. एरवीही त्याच्या बहुतेक पेशी चार-पाच दिवसांत बदलतात. पण घाणेरड्या पाण्यामुळे मूल पुन्हा पुन्हा आजारी पडत राहिलं तर बारीक सूज कायमची राहते आणि अन्न शोषणारे अंकुर आखूड होतात. मेळघाटातल्या कुपोषणाची चर्चा नेहमी ताटाभोवती फिरते. विहिरीत पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडर पडली का, हेही तितक्याच जोरानं विचारायला हवं. आशाताई ओआरएससोबत झिंकच्या चौदा दिवसांच्या गोळ्या देते. जुलाब थांबले की घरोघरी त्या फळीवर पडून राहतात. अस्तर भरून यायला झिंक मदत करतं आणि पुढचे दोन-तीन महिने हगवणीचा धोकाही त्यानं कमी होतो, म्हणून उरलेल्या गोळ्याही द्यायच्या असतात.