स्थूलता, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेल्या अर्धशतकात लोकांची वजने झपाट्याने वाढली. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. तो २५ ला पोचला की अतिवजन आणि ३० किंवा त्याहून जास्त झाला की स्थूलता, असे धरतात. तेथील राष्ट्रीय आरोग्य पाहणीत लोकांच्या तोंडी माहितीवर विसंबत नाहीत. गावोगाव फिरणाऱ्या तपासणी केंद्रात प्रत्येकाला काट्यावर उभे करतात. या मोजणीनुसार १९६०–६२ मध्ये प्रौढांपैकी सुमारे १३ टक्के स्थूल होते आणि १९७६–८० मध्ये १५ टक्के. तेथून मात्र आलेख उभा चढला: १९८८–९४ मध्ये सुमारे २३ टक्के, १९९९–२००० मध्ये ३०.५ आणि २०१७–१८ मध्ये ४२.४. २०२१–२३ मध्ये हा आकडा ४०.३ होता. मुलामुलींमध्ये साधारण पाचातले एक स्थूल आहे. १९६० च्या सुमारास अमेरिकन पुरुषाचे सरासरी वजन ७५ किलो होते, ते आता ९० च्या आसपास आहे. या काळात उंची वाढली ती जेमतेम इंचभर.

याचे परिणाम दवाखान्याबाहेरही दिसतात. ऑक्टोबर २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्ज या सरोवरात ‘ईथन ॲलन’ ही पर्यटकांची बोट उलटून २० जण दगावले. बोटीवर नंतर बसवलेल्या छतामुळे तिचा तोल बिघडला होताच. शिवाय तिची प्रवासीक्षमता माणशी १४० पौंड, म्हणजे ६३.५ किलो, हे जुने वजन धरून ठरवलेली होती. पुढे तटरक्षक दलाने प्रवासी बोटींसाठी माणशी १८५ पौंड धरण्याचा नियम केला.

लठ्ठपणा म्हणजे आळस आणि जिभेवर ताबा नसणे, ही समजूत अमेरिकेतही घट्ट आहे. पण वरचे आकडे तिला साथ देत नाहीत. स्त्रिया आणि पुरुष, गोरे आणि काळे, पोरे आणि म्हातारे या सगळ्यांचा मनोनिग्रह १९८० च्या आसपास एकदमच ढासळला, असे मानायला काही आधार नाही. बदलली ती त्यांच्या भोवतालची रोजची व्यवस्था.

या व्यवस्थेचा सर्वात बोलका नमुना म्हणजे शीतपेयाचा पेला. कोका-कोलाची १९१६ मध्ये आलेली कमनीय बाटली साडेसहा औंसांची, म्हणजे दोनशे मिलिलिटरपेक्षाही कमी होती, आणि १९५५ पर्यंत कंपनीचे तेच मुख्य माप होते. आजच्या साध्या कॅनमध्ये ३५५ मिलिलिटर पेय आणि ३९ ग्रॅम साखर असते. सेव्हन-इलेव्हन या दुकानसाखळीने १९८० मध्ये ‘बिग गल्प’ हा ३२ औंसांचा पेला आणला आणि त्याच दशकात त्याच्या दुप्पट, जवळपास दोन लिटरचा ‘डबल गल्प’. यामागचे गणित सरळ आहे. पाक आणि सोड्याला खर्च नगण्य येतो. पैसा जातो जागेच्या भाड्यात, पगारात आणि पेल्यात. त्यामुळे गिऱ्हाइकाकडून थोडे जास्त सेंट घेऊन त्याला दुप्पट पेय दिले तरी वरचा बहुतेक पैसा नफाच ठरतो. दोन लहान पेले मागवताना माणूस जरा संकोचतो, एक मोठा मागवताना संकोचत नाही. बटाट्याच्या फ्राइज आणि चित्रपटगृहातील पॉपकॉर्न यांची मापे याच युक्तीने फुगली. अनेक उपाहारगृहांत पेला पुन्हा भरून घ्यायला पैसे पडत नाहीत, तेव्हा मापालाही अर्थ उरत नाही.

या पेयांतला गोडवा बहुतांशी मक्याचा. आयात साखरेवरील बंधनांमुळे अमेरिकेत साखर महाग राहिली आणि मका मात्र उदंड पिकला. १९८४ मध्ये बड्या शीतपेय कंपन्या पूर्णपणे मक्याच्या फ्रुक्टोजयुक्त पाकावर गेल्या. हा पाक म्हणजेच लठ्ठपणाचे मूळ, असे अनेकदा सांगितले जाते. ते पटण्यासारखे नाही. रासायनिकदृष्ट्या तो साध्या साखरेच्या फार जवळचा आहे आणि १९९९ नंतर त्याचा खप घटत गेला तरी स्थूलता वाढतच राहिली. स्वस्त गोडव्याने हातभार लावला, एवढेच म्हणता येते. एकूण अन्नाचा हिशोब जास्त सांगून जातो: वाया जाणारे वगळून प्रत्येक अमेरिकनाच्या वाट्याला येणारे उष्मांक १९७० ते २०१० या काळात सुमारे २० टक्क्यांनी वाढले.

अन्न किती, याबरोबरच ते कसे तयार होते याकडे अलीकडे लक्ष वळले आहे. कारखान्यात पदार्थांचे घटक सुटे करून, त्यांत चवी, रंग आणि स्थिरके मिसळून पुन्हा जुळवलेले खाणे म्हणजे अतिप्रक्रियित अन्न. अमेरिकन माणसाच्या आहारातील निम्म्याहून अधिक उष्मांक त्यातून येतात. केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० प्रौढांना चार आठवडे ठेवून घेतले. दोन आठवडे अतिप्रक्रियित जेवण, दोन आठवडे साधे शिजवलेले. पुढ्यात मांडलेल्या जेवणात साखर, मेद, मीठ, तंतू सारखेच राहतील अशी काळजी घेतली होती. त्यासाठी अतिप्रक्रियित जेवणाच्या पेयांत तंतू मिसळून द्यावे लागले. पोटभर खा, एवढीच सूचना. अतिप्रक्रियित जेवणावर तीच माणसे रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाऊन गेली, भराभर खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलोने वाढली. साध्या जेवणावर तेवढेच वजन उतरले. प्रयोग लहान होता, पण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून त्याला बगल देऊन कोणालाही बोलता आलेले नाही.

हालचालीची बाजूही अशीच बदलली. १९५६ च्या कायद्याने देशभर महामार्ग पसरले आणि वस्ती उपनगरांत गेली. तेथे घरे एकीकडे, दुकाने दुसरीकडे आणि मध्ये मोटारींचा रुंद रस्ता, ही रचना नगरनियोजनाच्या नियमांनीच पक्की केली. पुष्कळ ठिकाणी फुटपाथच नाही. दूध आणायलाही गाडी काढावी लागते आणि बँकेचे काम काय किंवा बर्गर काय, गाडीतून न उतरता खिडकीतूनच उरकते. मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या पुण्या-नाशिकच्या आजीआजोबांना हे पहिल्याच आठवड्यात जाणवते. १९६९ मध्ये ५ ते १४ वर्षांच्या मुलांपैकी जवळपास निम्मी शाळेत पायी किंवा सायकलने जात. २००९ मध्ये १३ टक्केच. कारखाने आणि शेतीतली कामे घटून खुर्चीतली वाढली, हेही आहेच. सिगारेटचे घटते प्रमाण, हे आरोग्याच्या दृष्टीने चांगले असले तरी, वजन थोडे वाढवणारे ठरले.

सर्वांवर हा भार सारखा नाही. वेस्ट व्हर्जिनिया आणि मिसिसिपीत ४० टक्क्यांहून जास्त प्रौढ स्थूल आहेत, कोलोरॅडोत सुमारे २५. (राज्यवार आकडे लोकांनी दूरध्वनीवर सांगितलेल्या वजन-उंचीवरून काढतात, म्हणून ते वरच्या मोजणीपेक्षा कमी येतात.) स्त्रियांमध्ये गरिबी आणि स्थूलता बरोबर चालतात. पुरुषांमध्ये हे नाते इतके सरळ नाही. गरीब वस्तीत भाजीचे दुकान उघडले म्हणजे लोक भाजी खाऊ लागतील, ही आशाही फारशी खरी ठरलेली नाही.

सरकारी उपायांची कहाणी थोडक्यात सांगण्याजोगीच. न्यूयॉर्कचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०१२ मध्ये १६ औंसांपेक्षा मोठ्या गोड पेल्यांवर आणलेली बंदी न्यायालयात टिकली नाही. शाळेतील जेवण सुधारण्याचा कायदा २०१० मध्ये झाला आणि पुढच्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, पिझ्झ्यावरील दोन चमचे टोमॅटो पेस्ट भाजीत धरण्याची सवलत कायम ठेवली. कॅलिफोर्नियातील बर्कली शहराने २०१४ मध्ये मतदानाने गोड पेयांवर कर बसवला. नंतर फिलाडेल्फियासारखी काही शहरे त्या वाटेने गेली.

अमेरिकेतील भारतीय वंशाच्या लोकांना बीएमआयचा आकडा फसवा ठरतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणे छापली. दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२. म्हणूनच अमेरिकेतील मधुमेह संघटना आशियाई वंशाच्या प्रौढांची मधुमेहासाठी तपासणी २३ बीएमआयपासूनच करा, असे सांगते.

२०२१ पासून सेमाग्लुटाइड आणि त्यानंतर टर्झेपटाइड ही आठवड्याला एक टोचून घ्यायची औषधे वजनासाठी मंजूर झाली. सेमाग्लुटाइडच्या मुख्य चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्के उतरले. सुरुवातीला त्याची छापील किंमत महिना १,३०० डॉलरच्या वर होती आणि ज्येष्ठांच्या सरकारी विम्याला निव्वळ वजन उतरवण्याच्या औषधांचा खर्च देण्यास २००३ च्या कायद्याने मनाई केलेली होती. चाचणीनंतर इंजेक्शन बंद केलेल्यांचे उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आले.