उबवणी यंत्र व खंडित वीजपुरवठा

विजेवर चालणाऱ्या यंत्रात अंडी उबवणीला लावलेली असताना वीज गेली, तर आतले भ्रूण वाचवण्यासाठी करायची हाताळणी. कोंबडीच्या अंड्यातून २१ दिवसांनी पिल्लू बाहेर येते, बदकाला साधारण २८ दिवस लागतात. पंखा असलेल्या यंत्रात या काळात ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस तापमान राखतात. तीन आठवड्यांत एकदाही वीज जाणार नाही, असे आपल्याकडच्या खेड्यात गृहीत धरता येत नाही. म्हणून ही हाताळणी यंत्र विकत घेण्याआधीच शिकून घ्यावी.

वीज गेली की अंडी गार पडतील, ही पहिली भीती असते. प्रत्यक्षात गारव्यापेक्षा उष्णता फार लवकर घात करते. तापमान ३५ अंशांवर उतरून तीन-चार तास तसेच राहिले, तर वाढ बहुधा फक्त मंदावते, ४०.५ अंशांवर मात्र पाव तासातही गंभीर इजा होऊ शकते. खुडूक कोंबडीसुद्धा रोज दाणापाण्यासाठी पंधरा-वीस मिनिटे अंड्यांवरून उठते आणि त्याने अंड्यांचे काही बिघडत नाही.

काय करायचे, हे अंड्यांचे वय ठरवते. पहिल्या आठवड्यातला भ्रूण स्वतःची उष्णता जवळपास निर्माणच करत नाही, त्यामुळे लहान यंत्राचे झाकण न उघडता त्यावर गोधडी किंवा घोंगडी टाकावी, पण हवेची भोके मोकळी ठेवावीत. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कडेला ठेवता येतात. त्या अंड्यांना टेकू देऊ नयेत. पाण्याने भरलेल्या बाटल्या पहिल्या दिवसापासूनच यंत्रात असतील तर आणखी चांगले, कारण वीज गेल्यावर त्यांतली ऊब हळूहळू सुटते.

दुसऱ्या आठवड्यानंतर भ्रूण स्वतःच उष्णता टाकू लागतो. शेकडो-हजारो अंड्यांच्या सेटरमध्ये, म्हणजे मोठ्या उबवणी यंत्रात, पंखा थांबला, की हीच उष्णता आत कोंडते. वरचे ट्रे तापतात, खालचे निवतात. वेगवेगळ्या वयाची अंडी एकत्र असलेल्या यंत्रात एरवी जुन्या अंड्यांची ऊब पंखा नव्या अंड्यांपर्यंत पोचवत असतो. तो व्यवहारही बंद पडतो. अशा वेळी दारे झाकण्याऐवजी किलकिली करावी लागतात. मोठ्या हॅचरीत जनरेटर असतो, तो याच कारणाने. १८व्या दिवसानंतर लहान यंत्राची गोष्ट पुन्हा वेगळी. पिल्लाने कवच टोचायला सुरुवात केल्यावर झाकण उघडले की ओलावा निघून जातो, आतला पापुद्रा सुकतो आणि पिल्लू त्यात चिकटून अडकते. तेव्हा यंत्र बंदच ठेवावे.

छापील सूचना बहुतेक थंड देशांतून आलेल्या, त्यामुळे खोली गार आहे असे त्यांत गृहीत असते. विदर्भातल्या मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये पारा ४२-४३ अंशांवर असताना वीज गेली आणि कुणी यंत्रावर घोंगडी टाकली, तर अंडी आत शिजतील. तिथे यंत्र सावलीत, वारा लागेल अशा जागी हलवावे, झाकण थोडे उचलावे आणि अंड्यांच्या माथ्याच्या उंचीवर ठेवलेल्या थर्मामीटरकडे लक्ष ठेवावे.

इन्व्हर्टरचा हिशेब आधीच मांडावा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात. दोन-तृतीयांश हाती येतात असे धरले, तर सरासरी १०० वॅट खाणारे छोटे यंत्र १२ तास चालेल. रोजच्या भारनियमनाला एवढे पुरते. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा प्रसंगी बॅटरी काय करणार? दारात खुडूक कोंबडी असेल, तर रात्रीच्या अंधारात दहा-बारा अंडी तिच्याखाली सरकवावीत. अंधारात ती सहसा कुरकुर करत नाही. यंत्र आले तरी एखादी खुडूक कोंबडी राखून ठेवणारी घरे शहाणी म्हणायची.

वीज परतल्यावर गेलेला वेळ भरून काढण्यासाठी तापमान वाढवू नये. अंडी लगेच फेकूनही देऊ नयेत. चार-सहा दिवसांनी अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे टॉर्च धरून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये हलणारा ठिपका दिसला, तर भ्रूण जिवंत आहे. शिरा विरून नुसते लाल कडे उरले असेल, तर तो मेला आहे. वाचलेली पिल्ले उशिरा फुटतात, म्हणून २१वा दिवस उलटल्यावरही यंत्र आणखी दोन दिवस चालू ठेवावे.