दिव्यांगांसाठी सर्वसमावेशक आरोग्यसेवा

दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने, सन्मानाने आणि स्वतःच्या संमतीने उपचार मिळतील अशी आरोग्यसेवेची रचना. ताप, मधुमेह, बाळंतपण, दातदुखी दिव्यांगांनाही चुकत नाही. म्हणून ही जबाबदारी मुंबईतील हाजी अली येथे आहेत तशा पुनर्वसन संस्थांवर किंवा प्रमाणपत्राच्या शिबिरांवर सोपवून चालत नाही. ती गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचीही आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला आणि कायद्याने मानलेले दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. त्याचे कलम २५ सरकारी आणि खासगी अशा दोन्ही रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळ्याविना वावर आणि तपासणी-उपचारांत अग्रक्रम सांगते.

‘सर्व भागांत’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. दाराशी १:१२ चा उतार बांधला, तरी आत तपासणीची खाट उंच असेल तर व्हीलचेअरवरचा रुग्ण खुर्चीतच वरवर तपासला जातो. बसून वजन करता येईल असा काटा नसला की औषधाची मात्रा अंदाजाने ठरते. बाहेर नाव पुकारले जाते, ते कर्णबधिराला कळत नाही. मास्कमुळे ओठही वाचता येत नाहीत. सांकेतिक भाषेचा दुभाषा नसल्याने नातेवाईकच मध्ये बोलतो आणि आजाराची खासगी गोष्ट खासगी राहत नाही. सोबत कोणी असले की डॉक्टर त्याच्याशीच बोलतात, हा अनुभव तर सर्रास येतो. अंध व्यक्तीच्या हाताला गोळ्यांची बहुतेक पाकिटे सारखीच लागतात.

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांच्या वाट्याला याहून घातक गोष्ट येते. पोट दुखते म्हणून मूल ओरडते आणि ते ‘त्याच्या स्वभावाचा भाग’ समजून सोडून दिले जाते. काही दिव्यांग व्यक्तींचा मृत्यू इतरांपेक्षा २० वर्षांपर्यंत लवकर होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामागच्या कारणांत आरोग्यसेवेतील अशी विषमताही आहे.

दिव्यांग स्त्रीच्या शरीराविषयीचे निर्णय घरचे घेतात. तिच्या स्पष्ट संमतीविना गर्भपात घडवणे २०१६ च्या याच अधिनियमाच्या कलम ९२ नुसार शिक्षापात्र आहे. तीव्र दिव्यांगत्वात डॉक्टरांचे मत आणि पालकाची संमती असल्यास मात्र अपवाद आहे. हा अपवाद फार जपूनच वापरला गेला पाहिजे.

वैद्यकीय शिक्षणात दिव्यांगत्वाविषयीच्या क्षमतांचा समावेश २०१९ मध्ये झाला. सुगम्यतेचे, म्हणजे अडथळ्याविना वावर आणि वापराचे, निकष केवळ मार्गदर्शक ठेवता येणार नाहीत, किमान नियम बंधनकारक करावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारला दिला.